गंठण कपाटातच ठेव

(पत्र थोडं कमी करून आणि ओळख पटेल असे तपशील काढून देत आहे.)

"ताई, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, त्यामुळं रागावलात तरी चालेल. उचगावात राहते. आमचे हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, दोन मुलं शाळेत. मागल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर मेसेज आला, घरबसल्या व्हिडिओ बघा, लाईक करा, एका लाईकला ५० रुपये. मी म्हटलो, बघू तरी. तीन व्हिडिओ लाईक केले आणि खरंच १५० रुपये खात्यावर आले. दुसऱ्या दिवशी आणखी २५०. मग टेलिग्रामच्या ग्रुपवर घेतलं, तिथं ऐंशी जण होते. 'प्रीपेड टास्क' म्हणून १,००० भरले, १,३०० आले. ३,००० भरले, ३,९०० आले. मग ८,००० भरले तर म्हणाले, हा तीन टास्कचा सेट आहे, मध्येच सोडता येत नाही. म्हणून १५,००० आणि गुरुवारी संध्याकाळी १८,५०० भरले. आता साइटवर माझ्या नावावर ६१,२०० दिसतात, पण काढायचे तर आधी ३० टक्के टॅक्स, १८,३६० रुपये भरा म्हणतात. सोमवारपर्यंत मुदत दिलीय. गेलेल्या ४१,५०० पैकी २६,००० भिशीचे आहेत. आमची तेरा जणींची भिशी, महिन्याला प्रत्येकी २,०००, पैसे माझ्याकडं जमतात. दहा तारखेला द्यायचे आहेत. माझा नंबर अजून लागायचाय. ह्यांना काहीच माहीत नाही. लोभ नडला, दुसरं काय. गंठण ठेवून टॅक्स भरावा का? की व्हिडिओ बघून खरोखर पैसे देणारं दुसरं एखादं ॲप आहे, ज्यातून हे भरून निघेल? माझं बघून माझ्या जावेनंही चालू केलंय, ती कागलला असते. तिचे अजून नीट येतायत."

मुलीच्या वयाची म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते. तुझं पत्र मी शनिवारी रात्री वाचलं. सदर प्रसिद्ध होईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं, म्हणून त्याच रात्री तुला तीन ओळी पाठवल्या: एक रुपयाही भरू नकोस, गंठण कपाटातच ठेव, आत्ताच्या आत्ता सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर, १९३० ला फोन लाव. त्या तीन ओळींमागचं सगळं आज सविस्तर लिहिते, कारण अशाच तऱ्हेची आणखी पत्रं माझ्याकडं आली आहेत आणि त्या बायकांनीही हे वाचावं असं वाटतं.

आधी तो टॅक्स. मी तीस वर्षं बँकेत काढली. कर कापायचा असतो तेव्हा तो रकमेतूनच कापतात. ठेवीच्या व्याजावरचा टीडीएस बँक व्याजातून वळता करते, पगारावरचा कर पगारातून जातो. 'आधी तुम्ही भरा, मग तुमचे सोडतो' असं आयकर खातं कधी म्हणत नाही, आणि कुणा माणसाच्या यूपीआय आयडीवर तर ते कर घेतच नाही. तुझे ६१,२०० खरंच असते, तर त्यातले १८,३६० कापून ४२,८४० तुझ्या खात्यावर टाकायला त्यांना कुणी अडवलं होतं? ते पैसे नाहीतच, म्हणून कापता येत नाहीत. तो त्यांनी त्यांच्या साइटवर टाइप केलेला आकडा आहे. तू टॅक्स भरलास की मंगळवारी खातं पडताळणीचं शुल्क निघेल, बुधवारी तुझा 'क्रेडिट स्कोअर' कमी पडलेला असेल, आणि प्रत्येक वेळी सांगतील, एवढा एकच हप्ता, मग सगळे मोकळे.

मी काउंटरला असताना एक निवृत्त शिक्षक मुदत ठेव मोडायला आले होते. मुदतीआधी का मोडता, असं मी विचारलं. परदेशातून बक्षीस लागलंय, ते सोडवायला शुल्क भरायचंय, म्हणाले. मागं रांग होती. मी फॉर्म पुढं सरकवला. चार महिन्यांनी ते उरलेली पावती मोडायला आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. त्या पहिल्या दिवशी रांग थांबवून त्यांना पाच मिनिटं आत बसवायला हवं होतं. ते माझ्याकडून झालं नाही, ती खंत अजून आहे, आणि म्हणूनच तुला इतकं ठासून सांगते.

आता तुझं 'लोभ नडला'. हे मला पटलेलं नाही. फुकटचे पैसे घ्या असा मेसेज आला असता, तर तू तो तिथंच पुसला असतास. तुला त्यांनी फुकट काही देऊच केलं नाही, काम देऊ केलं. तू जोडलेले स्क्रीनशॉट मी नीट बघितले. कामाची वेळ ठरलेली, दिवसाचे टास्क ठरलेले, एक एचआर मॅडम, एक 'मेंटॉर', स्क्रीनशॉट पाठवायला दहा मिनिटं उशीर झाला तर समज. ज्या बाईला मुलं शाळेत गेल्यावरच्या दोन तासांत चार पैसे स्वतःच्या कष्टानं मिळवायचे आहेत, तिला आपल्याला नोकरी लागली असं वाटावं, अशीच ती सगळी मांडणी असते. सेट मध्येच सोडता येत नाही म्हटल्यावर तू तो सोडला नाहीस, कारण हाती घेतलेलं काम अर्धवट टाकायची तुला सवय नाही. तुझी हीच चांगली सवय त्यांनी वापरली. ही गोष्ट मनात पक्की धर, कारण 'माझाच लोभ' असं वाटत राहिलं की बाई कुणाला सांगत नाही, आणि तिनं सांगू नये हेच त्यांना हवं असतं.

त्यांचा हिशेब उलगडून बघू. ऐंशी जणांनी दिवसाला वीस लाईक केले आणि लाईकला ५० रुपये दिले, तर दिवसाला ८०,००० रुपये होतात. नुसत्या अंगठ्याला एवढे पैसे कोण मोजेल? यूट्यूबच्या नियमांत विकतचे लाईक बसत नाहीत. असे लाईक ते काढून टाकतात आणि चॅनेलवर कारवाई करतात. म्हणजे ज्या व्हिडिओला तू लाईक केलंस, त्याच्या मालकाला बहुधा तुझा पत्ताही नाही. व्हिडिओ कुठलेही असतात. कधी व्हिडिओऐवजी हॉटेलला पाच तारे द्यायला सांगतात, कधी गूगल मॅपवर दुकानाला शेरा लिहायला. काम कुठलंही असो, पुढं प्रीपेड टास्क येतोच. त्या ग्रुपवर 'थँक यू मॅडम, माझे आले' म्हणणारी माणसं बहुतेक त्यांचीच असतात. तुझ्यासारखी खरी माणसं त्यात दोन-चार, आणि ती आपापल्या घरी गप्प.

हा खेळ आजचाही नाही. २०११ च्या सुमाराला 'स्पीक एशिया' नावाचं प्रकरण गाजलं होतं. ११,००० रुपये भरून सभासद व्हा, घरबसल्या सर्व्हे भरा आणि आठवड्याला पैसे मिळवा, असा तो प्रकार. आपल्याकडंही चहाच्या टपरीवर त्याची चर्चा चालायची. मग २०१७ च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेश पोलिसांनी नोएडातल्या 'सोशल ट्रेड' चालवणाऱ्या कंपनीवर कारवाई केली. तिथं आधी हजारो रुपये भरायचे आणि मग एका लाईकला ५ रुपये मिळायचे. साडेसहा लाखांच्या आसपास माणसं आणि ३,७०० कोटींच्या घरातली रक्कम त्यात अडकली, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं अशा टास्कच्या नावाखाली फसवणाऱ्या शंभरावर वेबसाइट एका झटक्यात बंद केल्या. तरी तुला मेसेज आलाच, कारण नवी साइट उभी करायला त्यांना फार वेळ लागत नाही. पाच रुपयांचे पन्नास झाले एवढाच काय तो फरक.

तुझ्या खात्यावर आलेल्या पहिल्या १५० रुपयांबद्दल मात्र एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. असे पैसे फसवणारे स्वतःच्या खिशातून देत नाहीत. बऱ्याचदा ते दुसऱ्या कुणा फसलेल्या माणसाचे असतात आणि भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून फिरत फिरत येतात. तो माणूस त्याच्या गावी तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढतात, आणि तो माग तुझ्या खात्यापर्यंतही येऊ शकतो. मग एका सकाळी दुधाचे पैसे द्यायला जावं, तर खातं गोठलेलं. असं घडलंच तर घाबरू नकोस, पण त्याआधीच तुझी तक्रार नोंदलेली असू दे. आणि उद्या ते म्हणाले, 'मॅडम, तुमचं खातं वापरायला द्या, कमिशन देतो, त्यातून तुमचं नुकसान भरून निघेल', तर त्या वाटेला चुकूनही जाऊ नकोस. आज तू तक्रारदार आहेस. खातं भाड्यानं दिलंस तर आरोपीच्या यादीत नाव लागेल.

गोड बोलणाऱ्या त्या मॅडमबद्दल तुझ्या मनात अजून थोडी माया आहे, हे पत्रावरून जाणवलं. ती कोण असेल कुणास ठाऊक. म्यानमार, कंबोडिया, लाओस या देशांत कुंपणाआड असे अड्डे चालतात. कॉम्प्युटरचं काम देतो म्हणून आपल्याकडची पोरं तिकडं नेली जातात, पासपोर्ट काढून घेतात आणि दिवसरात्र हे मेसेज पाठवायला बसवतात. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांतून अशा पाचशेहून जास्त भारतीयांना थायलंडमार्गे परत आणलं. तुझी मॅडम त्यातली होती की गल्लीतल्याच एखाद्या खोलीत बसलेला पुरुष होता, हे तुला कधीच कळणार नाही. तिला उत्तर देऊ नकोस, रागाचंसुद्धा नको. पण ग्रुप लगेच सोडूही नकोस. आधी सगळ्या संभाषणाचे, त्या साइटचे, ज्या यूपीआय आयडींवर पैसे गेले त्यांचे स्क्रीनशॉट काढून घे. पुष्कळ जणी लाजेनं सगळं पुसून टाकतात आणि मग पोलिसांपुढं रिकाम्या हातानं उभ्या राहतात.

तक्रारीचं आता नीट ऐक. १९३० हा क्रमांक रात्री-अपरात्री कधीही चालतो. लागला नाही तर लावत राहा, आणि मध्ये वेळ न घालवता सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार भर. वही घेऊन बस. प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, कुणाच्या आयडीवर गेले ते, आणि बारा आकडी यूटीआर क्रमांक लिहून काढ. तो तुझ्या यूपीआय ॲपच्या इतिहासात प्रत्येक व्यवहारावर सापडेल. फक्त मोठ्या तीन रकमा सांगून थांबू नकोस. तुझा पुरा हिशेब असा आहे: भरले ४५,५००, परत आले ५,६००, गेले ३९,९००. आलेले पैसेसुद्धा सांगायचे, लपवायचे नाहीत. तक्रारीचा क्रमांक मिळेल, तो जपून ठेव.

एवढी घाई का, तर तुझी तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसे गेले तिला कळवलं जातं आणि ते अजून तिथं पडून असतील तर रोखले जातात. पुढं गेले असतील तर पुढच्या बँकेला. फसवणारे पैसे तासाभरात चार खात्यांतून फिरवतात आणि एटीएममधून काढतात, म्हणून पहिले काही तास सोन्याचे. गुरुवारचे १८,५०० जाऊन शनिवारपर्यंत दोन दिवस झाले होते. सगळे परत येतील अशी आशा मी तुला लावणार नाही, तो खोटा धीर होईल. पण एखाद्या खात्यात काही अडकलेलं असेल, तर ते परत मिळू शकतं, आणि त्यासाठी तक्रार असावीच लागते.

सोमवारी सकाळी बँकेत जा. लेखी अर्ज दे, त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घे, यूपीआय पिन बदल. तिथं कुणी तुला रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम सांगेल: नकळत पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला झळ बसत नाही. नियम खरा आहे, पण तो न विचारता गेलेल्या पैशांसाठी. तू पिन स्वतः टाकलास, त्यामुळं बँक भरपाई देईल असं धरून चालू नकोस. टास्कसाठी त्यांनी लिंकवरून एखादं ॲप टाकायला लावलं असेल तर ते काढून टाक. तसली ॲप मेसेज वाचतात, ओटीपीसकट. आणि आधार, पॅनचे फोटो पाठवले असशील तर तेही तक्रारीत लिही. आपल्या जिल्हा पोलिसांच्या सायबर विभागात जायचं झालं तर एकटी जाऊ नकोस, ह्यांना बरोबर घे.

अजून एक. तक्रारीनंतर काही दिवसांनी तुला फोन येईल किंवा फेसबुकवर कुणी भेटेल: आम्ही सायबर तज्ज्ञ आहोत, तुमचे पैसे काढून देतो, फी फक्त २,०००. तीही तीच टोळी असते, किंवा तिच्याकडून तुझा नंबर विकत घेतलेली दुसरी. सरकारी तक्रारीला एक पैसा लागत नाही.

आता ह्यांना सांगायचं. हेच तुला सगळ्यात जड जाणार, ते मला कळतंय. पण दहा तारखेला भिशीचा विषय निघेल, आणि तेव्हा त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर गेलेल्या पैशांपेक्षा ते जास्त लागेल. पाळी करून आलेल्या माणसाला दारातच सांगू नकोस. जेवण होऊ दे, मुलं झोपू देत, मग वही समोर ठेव. तोंडी सांगायला लागलीस की रडू येईल आणि आकडे राहून जातील. वहीत भरले किती, आले किती, तक्रार क्रमांक, बँकेचा शिक्का हे सगळं दिसलं की त्यांनाही कळेल, की बायको फसली, पण हातपाय गाळून बसली नाही. रागावतील. रागावू देत. सकाळी पुन्हा बोला.

भिशीचे २६,००० मात्र दहा तारखेला गेलेच पाहिजेत. त्या बारा जणींनी कागद न करता तुझ्या हातात पैसे दिलेत, आणि या महिन्याला जिचा नंबर आहे तिनं ते कशासाठी तरी धरून ठेवले असतील. तुझा नंबर अजून लागायचाय, हा इथं मोठा आधार आहे. भावाकडून, बहिणीकडून, किंवा ह्यांच्या सोसायटीतून उचल घेतलीस, तर माझी भिशी आली की फेडते असं तारखेसकट सांगता येईल. कुठूनच जमलं नाही, तरच गंठणाचा विचार कर. तेव्हाही बँकेत किंवा चांगल्या पतसंस्थेत रीतसर सोनेतारण कर्ज काढ, वजनाची पावती घे, खासगी सावकाराकडं पाऊल टाकू नकोस. टॅक्सच्या नावाखाली गंठण गेलं तर गेलंच. भिशी भागवायला ठेवलंस तर ते तुझ्या गळ्यात परत येईल. आणि भिशीतल्या बायकांनाही खरं सांग. एखादी टोमणा मारेल. पण त्या बारांतल्या दोघी-तिघींच्या फोनवर हाच मेसेज येऊन पडला असेल, असं मी जवळजवळ खात्रीनं म्हणते.

तुझा दुसरा प्रश्न: व्हिडिओ बघून पैसे देणारं खरं ॲप आहे का? पैसा कसा वाहतो ते बघ, म्हणजे उत्तर तुझं तुलाच मिळेल. साबण विकणारी कंपनी जाहिरातीचे पैसे यूट्यूबला देते. मोठ्या व्हिडिओवर दाखवलेल्या जाहिरातीच्या पैशातून यूट्यूब ५५ टक्के वाटा व्हिडिओ करणाऱ्याला देतं, शॉर्ट्सच्या बाबतीत ४५ टक्के. तोही वाटा सहज मिळत नाही. चॅनेलला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलेलं असावं लागतं, किंवा शॉर्ट्सना नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यू. या सगळ्या वहीत बघणाऱ्याच्या नावाचं पान नाही. आपलं बघणं हाच तिथं विकला जाणारा माल आहे.

नाणी देणारी काही ॲप असतात. जाहिरात बघा, नाणी मिळवा, चाक फिरवा. ती ॲप जाहिरात दाखवण्याचे पैसे कमावतात आणि त्यातला कणभर तुला देतात, तोही बऱ्याचदा काढण्याची मर्यादा गाठेपर्यंत अडकवून ठेवतात. मर्यादा १,००० नाण्यांची असेल तर ९०० पर्यंत भराभर नेतात आणि मग एकेक नाण्याला रडवतात. स्वॅगबक्ससारख्या परदेशी साइटवर १०० पॉइंट म्हणजे एक डॉलर, आणि व्हिडिओंना मिळणारे पॉइंट बोटावर मोजण्याइतके. गूगलचं ओपिनियन रिवॉर्ड्स हे खरं आहे, पण त्यात बघायचं काही नसतं. अधूनमधून दोन-चार प्रश्न येतात आणि अँड्रॉइड फोनवर मिळते ती प्ले स्टोअरमध्ये वापरायची रक्कम, रोख नव्हे. रिचार्जचा खर्च, डोळ्यांचा ताण आणि दुपारचे दोन तास धरलेस तर यातून ३९,९०० भरून निघणं सोड, मुलाची वहीसुद्धा निघणार नाही. त्या दोन तासांची किंमत याहून खूप जास्त आहे, आणि ती तुझी तुला कळावी म्हणून आता थोडं त्याबद्दल.

तुला शिवण येतं आणि तू राहतेस गांधीनगरच्या कापडपेठेला लागून. पिको-फॉल सगळ्याच करतात, मान्य. पण परकर, गाऊन, शाळेचे गणवेश यांचं जॉबवर्क ठोक दुकानदारांकडून मिळतं का, ते दोन दिवस पायी फिरून विचार. एकदम मोठा गठ्ठा उचलू नकोस. नगाला किती, धागा कुणाचा, पैसे कुठल्या वारी, हे आधी ठरव आणि पहिला हिशेब हातात पडल्यावरच दुसरा गठ्ठा घे. जिथं काम देणारा तुझ्याकडंच अनामत मागतो, तिथून उठून ये. मग ते टेलिग्रामवर असो की पेठेत.

दुसरं, आपली कांदा-लसूण चटणी. मार्च ते मे डंकावर रांगा लागतात, आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या प्रत्येक घराला वर्षाची चटणी इथूनच हवी असते. निवडणं, भाजणं, डंकावरून कुटून आणणं हे नोकरी करणाऱ्या बायकांना जमत नाही, त्या पैसे द्यायला तयार असतात. पहिल्या वर्षी पाच घरांची ऑर्डर घे, मिरची त्यांच्याच पैशानं आणायची. वाढवायचं ठरलं तर अन्नसुरक्षेची नोंदणी कर. लहान उद्योगाला तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. 'उमेद' या सरकारी अभियानाच्या बचत गटात असशील तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटामार्फत सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळू शकतं. योजना अजून चालू आहे का, ते ग्रामपंचायतीत उमेदचं काम बघणाऱ्या ताईंना विचार.

व्हिडिओशीच संबंधित काम हवं असेल, तर व्हिडिओतलं मराठी बोलणं ऐकून टाइप करायचं, सबटायटल लिहायचं काम असतं. त्याला टायपिंगचा हात लागतो. मिनिटाला ३० शब्दांची मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा दे, सहा महिन्यांत जमेल. अशा कामाला चाचणी घेतात, पैसे घेत नाहीत.

पण हे सगळं पुढच्या महिन्यातलं. आज आणखी एक फोन करायचा राहिलाय. कागलला जावेला. 'तिचे अजून नीट येतायत' असं तू लिहिलंयस, म्हणजे ती १,००० किंवा ३,००० च्या टप्प्यावर असेल. तुझे पैसेही तिथपर्यंत नीटच येत होते. तिला मेसेज करू नकोस, फोन कर. तुझे ३९,९०० गेले हा आकडा तोंडानं सांग. मी आधी तुला नादी लावलं आणि आता मीच सांगते, असं म्हणायला जड जाईल, तरी म्हण. तिनं आज ८,००० भरायच्या आत.